हस्तलिखितावर सोनं चढवताना या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातल्या बायबलांसारखं सोनेरी अक्षर काढायला लोक येतात आणि आल्या आल्या निळा रंग उघडतात. सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. आधी मजकूर, मग रेखाटन, मग सोनं, आणि रंग अगदी शेवटी. इंग्लंडमधलं बाराव्या शतकातलं विंचेस्टर बायबल अपुरं राहिलं. त्यातली काही अक्षरं नुसती रेखाटलेली आहेत, तर काहींवर सोनं चढलंय पण रंगाचा पत्ता नाही. ती पानं नीट बघा, क्रम कळेल.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे ऐकलं नाही. अक्षराभोवतीची निळी जमीन आणि तिच्यावरची पांढरी नक्षी तिने आधीच पुरी केली, सुरेख केली. मग जेसो, म्हणजे सोन्याखाली द्यायचा प्लास्टर-सरसाचा लेप, भरून, त्याला ओल यावी म्हणून श्वास सोडून तिने वर्ख ठेवला. रंगातल्या डिंकालाही तीच ओल लागली आणि सोन्याचे कण निळ्यावर चिकटले. ते खरवडताना निळा निघाला, घोटताना तोच सोन्यावर फासला गेला. चर्मपत्राचा अख्खा तुकडा वाया गेला. चर्मपत्र फुकट येत नाही, म्हणून मी आता सोनं घोटून होईपर्यंत वर्गात कुणालाही रंग देत नाही.

दुसरी चूक म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस थेट सरसात कालवणं. ते लगेच घट्ट होतं, वाळल्यावर तडकतं. 1400च्या सुमाराला इटलीत चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने लिहून ठेवलंय: प्लास्टर भरपूर पाण्यात महिनाभर ठेवा आणि रोज ढवळा. तेव्हा कुठे त्याची घट्ट व्हायची खोड मोडते आणि ते रेशमासारखं मऊ होतं. मी बादलीवर तारीख लिहून ठेवतो. ‘पाच मिनिटांत जेसो’ असले व्हिडिओ बघून येणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे, महिना थांबवत नसेल तर सोन्यात पैसे घालू नका.

जेसो जोरात ढवळू नका, बुडबुडे धरतात. स्वस्तातला नकली वर्ख पितळेचा असतो, काळवंडतो. हाताखाली कोरा कागद हवाच, बोटांचं तेल लागलेल्या चर्मपत्रावर शाई धरत नाही. हरताळ हा पिवळा रंग विषारी आहे, घरी खलू नका. वर्खाआधी फुंकर मारू नका. कागदाच्या नळीतून ‘हाऽऽ’ करत उबदार श्वास सोडा आणि लगेच वर्ख ठेवा.

सोनं चमकवायची अकीक दगडाची घोटणी अडखळली तर हात तिथेच थांबवा. खाली जेसो अजून ओला आहे. पावसाळ्यात मी तो तसाच रात्रभर ठेवतो आणि सकाळी आधी कडेला हलकेच घोटून बघतो.