मराठी टेक्स्ट गेम: ट्वाइन, नाशिकचा नकाशा आणि गोदेचं पाणी

मराठीत टेक्स्ट गेम, म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणारा गेम, करायचा तर आधी एक गोष्ट ठरवा. (इथलं उदाहरण गोदेला पूर आलेल्या नाशिकमधल्या गेमचं आहे.) खेळणारा आज्ञा टाइप करणार की समोरच्या पर्यायांतून निवडणार? १९७७ साली एमआयटीत लिहायला घेतलेला झॉर्क हा गेम पहिल्या प्रकारचा. तसा गेम करायला इन्फॉर्म ७ हे उत्तम साधन आहे, पण मराठीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला आज्ञेत क्रियापद आधी लागतं, आपलं येतं शेवटी. शिवाय नामाला विभक्ती चिकटते. दिवा, दिव्याला, दिव्यातलं हे सगळं एकाच वस्तूबद्दल आहे हे त्याला एकेक करून शिकवत बसावं लागतं. पर्यायांच्या गेममध्ये ही कटकटच नाही, आणि त्यासाठी ट्वाइन हे साधन पुरेसं आहे. पुढे युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा बेत असेल तर इंक ही पर्यायांच्या गोष्टी लिहायची भाषा बघा.

ट्वाइन फुकट आहे. ब्राउझरमध्येही चालतं, पण कॉम्प्युटरवर उतरवलेलं बरं. ब्राउझरमधली गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहते. कुणी साइट डेटा साफ केला की गेली. ब्राउझरवरच काम करायचं असेल तर उठण्याआधी ‘लायब्ररी’ टॅबमधून ‘अर्काइव्ह’ करून फाइल बाजूला ठेवा.

नवी गोष्ट उघडली की एक चौकोन दिसतो. तो पॅसेज, म्हणजे गोष्टीचा एक तुकडा. लिंक अशी लिहायची:

[[सराफ बाजारातून घाटाकडे उतरा->गोदाघाट]]

बाणाच्या डावीकडचं वाचकाला दिसतं, उजवीकडे पॅसेजचं नाव. ते नाव नसेल तर ट्वाइन त्या नावाचा नवा पॅसेज आपणहून बनवतं, आणि घोळ इथेच होतो. एकदा ‘गोदाघाट’ आणि एकदा ‘गोदा घाट’ लिहिलं की नकाशावर एक रिकामा चौकोन लोंबकळतो. त्यामुळे नावं छोटी आणि जोडाक्षरं कमी असलेली घ्या.

लिहिण्याआधी कागदावर नकाशा काढाच. रविवार कारंजा, सराफ बाजार, गोदाघाट, रामकुंड, काळाराम मंदिर, होळकर पूल एवढी ठिकाणं पहिल्या गेमला भरपूर झाली. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या वाटा फोडल्या तर पाचव्या पायरीपर्यंत ६३ पॅसेज होतात आणि निम्मे कुणी वाचतही नाही. म्हणून वाटा फुटू द्या, पण दोन-तीन पायऱ्यांनी परत एकत्र आणा. घाटावरून या की पुलावरून, काळारामापाशी सगळे पोचतात.

मग निवडीला अर्थ काय? तो व्हेरिएबलमधून येतो, म्हणजे गेम लक्षात ठेवतो आणि बदलत जातो अशा आकड्यातून. नाशिककर पूर मोजतात तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. हीच मोजपट्टी गेममध्ये घ्या: ० ते ४ असा एक आकडा, रेंगाळायला लावणाऱ्या प्रत्येक पॅसेजमध्ये एकाने वाढणारा. २ झाला की घाटाची लिंक गायब, फक्त होळकर पूल उरतो.

हार्लो हा ट्वाइनचा नेहमीचा स्टोरी फॉरमॅट, म्हणजे गोष्ट चालवणारा साचा. त्यात आकडा बदलायला ‘सेट’ आणि तपासायला ‘इफ’ हे मॅक्रो, म्हणजे तयार आज्ञा, आहेत. मॅक्रो आणि व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांतच लिहा, देवनागरी नाव चालत नाही. ‘सेट’मध्ये ‘टू’ येतो, ‘इफ’मध्ये ‘इज’. यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आकडा अवतरणचिन्हांत टाकला तर तो मजकूर ठरतो आणि ‘दोनहून जास्त’ अशी तुलना लाल एरर देते. सुरुवातीचं शून्य पहिल्या पॅसेजमध्ये ठेवू नका, कारण खेळणारा रविवार कारंज्यावर परतला की पूर ओसरतो! वेगळा पॅसेज करून त्याला ‘स्टार्टअप’ टॅग द्या.

भाषेचं म्हणाल तर ‘तू’ टाळा. ‘तू गेलास’ लिहिलं की खेळणारी बाहेर पडली. ‘तुम्ही गेलात’ सगळ्यांना चालतं. तरी ‘तुम्ही दमलेले आहात’ इथे लिंग डोकावतंच. ‘तुम्हाला दम लागलाय’ लिहून मोकळे व्हा.

अक्षरांसाठी ‘स्टाइलशीट’मध्ये (गेमचं रूप ठरवायची जागा) नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता हा फॉन्ट द्या. ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात.

‘बिल्ड’ टॅबमधून ‘पब्लिश टू फाइल’ केलं की एकच एचटीएमएल फाइल मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती जाते, पण काही फोन ती नुसती दाखवतात, चालवत नाहीत. त्यापेक्षा इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर चढवा. प्रोजेक्टचा प्रकार एचटीएमएल निवडा, फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल करा आणि ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ या अर्थाच्या चौकटीवर टिक करा. ती राहिली तर लोकांना फक्त डाउनलोडचं बटण दिसतं.

जुने आज्ञावाले गेम खेळून बघायचे असतील तर कॉम्प्युटरवर गार्गॉइल हा प्रोग्रॅम टाका. निरनिराळ्या साधनांत बनलेले गेम ते एकटंच उघडतं. फाइल उतरवायचीच नसेल तर ब्राउझरमध्ये पार्चमेंट आहे.