रास्पबेरी पायची स्क्रीन नीट दिसत नाही? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या ओळखीच्या एका अडत्याकडे हळदीचे दर दाखवायला ३२ इंची टीव्ही लावलाय. त्याच्या पाठीला डबल टेपनं चिकटवलेला रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर. एका संध्याकाळी त्या अडत्याचा, अण्णांचा, फोन आला, "अरे, दराचा शेवटचा आकडा कुठं गेला? १४२०० च्या जागी १४२० दिसाय लागलंय. उद्या सौद्याला शेतकरी मला सोडणार हाय व्हय?"

गेलो. नेटवरचा सल्ला आठवला आणि थेट पायची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडली. स्क्रीनचं माप सांगणाऱ्या ओळी टाकल्या: एचडीएमआय ग्रुप २, मोड ८२, सेव्ह, रीस्टार्ट. काही फरक नाही. मोड १६ करून पाहिलं, तरी तेच. तासभर असा घालवल्यावर टीव्हीचा रिमोट हातात घेतला. पिक्चर साइजमध्ये १६:९ होतं, ते 'जस्ट स्कॅन' केलं आणि आकडा जागेवर आला. पायचा काही दोषच नव्हता. टीव्हीच चित्र थोडं फुगवून कडा कापत होता. ही जुन्या टीव्हींपासून चालत आलेली खोड, हिलाच ओव्हरस्कॅन म्हणतात. कुठल्या टीव्हीत त्याच सेटिंगला 'स्क्रीन फिट' म्हणतात, कुठं '१:१'. चारही कडा सारख्या कापल्या जात असतील तर आधी रिमोट घ्या, कीबोर्ड नंतर.

पण मी लिहिलेले आकडे पायनं ऐकले का नाहीत? सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. ग्रुप आणि मोडची पद्धत जुन्या ड्रायव्हरची, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची. नोव्हेंबर २०२१ मध्ये रास्पबेरी पाय ओएसची बुल्सआय आवृत्ती आली आणि केएमएस नावाचा ड्रायव्हर आपोआप वापरला जाऊ लागला. तेव्हापासून रेझोल्यूशन, म्हणजे चित्राचं ठिपक्यांतलं माप, पायवरची लिनक्स सिस्टिम स्वतः ठरवते, आणि त्या ओळी फाइलमध्ये असल्या काय, नसल्या काय. नेटवर मात्र अजून जुनेच सल्ले वर येतात. भरीला ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइलचा पत्ताही बदलला. ती आता बूट फोल्डरच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. जुन्या पत्त्यावर नवी फाइल बनवून ठेवलेले लोक मी पाहिलेत. ती कोण वाचणार!

मग बदलायचं कुठं? डेस्कटॉप दिसत असेल तर प्रेफरन्सेसमधलं स्क्रीन कॉन्फिगरेशन, २०२५ च्या ट्रिक्सी आवृत्तीपासून कंट्रोल सेंटरमधलं स्क्रीन्स, बास. दिसतच नसेल किंवा दर वेळी बिघडत असेल, तर त्याच फोल्डरमधल्या कमांडलाइनच्या फाइलमध्ये, म्हणजे सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये, हे घाला: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०एम@६०डी. इथं देवनागरीत लिहिलंय, टाइप इंग्रजीत करायचं. व्हिडिओ हा शब्द आणि मधला एक्स लहान लिपीत, बाकी अक्षरं मोठी. शेवटच्या डीचा अर्थ, समोर स्क्रीन सापडो न सापडो, सिग्नल चालू ठेव. आणि ही अख्खी फाइल एकाच ओळीची असते. आहे त्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन लिहा. एंटर मारून खाली लिहिलंत तर तो भाग वाचलाच जात नाही.

त्या डीची किंमत लाइट जाते तेव्हा कळते. लाइट आली की पाय लगेच उठतो, टीव्ही मात्र रिमोटची वाट बघत झोपलेला. सुरू होताना पाय स्क्रीनला विचारतो, तुला काय काय जमतं? उत्तरात किमान १२८ बाइटची माहिती यावी लागते, तिला ईडीआयडी म्हणतात. उत्तरच आलं नाही तर पाय गप्प बसतो, किंवा कमी रेझोल्यूशन धरतो.

पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय असतात. एकच स्क्रीन असेल तर केबल पॉवरच्या टाइप-सी जवळच्या भोकात घाला. बोर्डावर त्याला शून्य म्हणतात, लिनक्समध्ये तेच एचडीएमआय-ए-१. या शून्य-एकच्या घोळात चुकीच्या पोर्टला रेझोल्यूशन दिलं जातं. खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये केएमएसप्रिंट ही कमांड चालवा. कुठलं पोर्ट जोडलंय आणि त्यावर काय चालू आहे, ते समोर येतं.

आता जुने मॉनिटर. २०१९ च्या महापुरात एका मित्राच्या दुकानात तळमजल्यावरचं सगळं गेलं, माळ्यावर टाकलेले दोन चौकोनी मॉनिटर तेवढे वाचले. त्यांना जुनं व्हीजीए पोर्टच होतं, म्हणून पाय जोडला तो एचडीएमआयचं व्हीजीए करणाऱ्या स्वस्तातल्या कन्व्हर्टरनं. असा कन्व्हर्टर मॉनिटरचं उत्तर मधेच गिळतो, आणि मग पाय १०२४ बाय ७६८ वर जातो. मॉनिटर १२८० बाय १०२४ चा, त्यामुळे अक्षरं फुगीर आणि धुरकट. मघाच्या 'व्हिडिओ=' तुकड्यात खरं माप लिहिलं आणि काम झालं.

'एचडी रेडी' टीव्हीवर १३६६ बाय ७६८ मिळत नाही म्हणून डोकं आपटू नका. ईडीआयडीच्या ठरीव यादीत रुंदी आठच्या पटीत लिहावी लागते, आणि १३६६ ला आठनं भाग जात नाही. म्हणून १३६० दिसतं. सहा ठिपक्यांनी काही बिघडत नाही. उलट अशा टीव्हीला १९२० बाय १०८० दिलंत तर तो ते आवळून दाखवतो आणि बारीक अक्षरं फिसकटतात.

कोपऱ्यात पिवळी वीज चमकत असेल किंवा चित्र येऊन-जाऊन करत असेल, तर रेझोल्यूशनला हात लावू नका, पायला वीज कमी पडतेय का ते बघा. मोबाइलचा चार्जर काढून ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लावा.

आणि सगळं करून स्क्रीन काळीच झाली, तर पायचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावा, बूटच्या भागातली सीएमडीलाइन.टीएक्सटी उघडा, घातलेला तुकडा पुसा. पण विंडोज त्याच वेळी कार्डाच्या दुसऱ्या भागासाठी विचारेल, डिस्क फॉरमॅट करायची का? तो भाग लिनक्सचा, विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. कॅन्सल दाबा. अण्णांच्या मुलानं यस दाबलं होतं. दरांचा अख्खा सेटअप मी पहिल्यापासून परत बसवला, चहा मात्र तीन वेळा मिळाला.