एज ऑफ एम्पायर्स टू इतक्या वर्षांनी परत खेळायचाय? मग असा सुरू करा

१९९९ च्या सप्टेंबर अखेरीस हा गाव बांधायचा, सैन्य उभं करायचा आणि लढायचा कॉम्प्युटर गेम आला, पुढच्याच वर्षी द कॉन्करर्स नावाचं एक्स्पान्शन आलं, आणि आपल्याकडे तो खरा पसरला त्यानंतरच्या काही वर्षांत. हॉस्टेलच्या लॅनवर, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून, नाहीतर घरच्या असेंबल्ड पीसीवर कोणाकडून तरी आणलेल्या सीडीवरून. ज्यांनी तेव्हा खेळलाय त्यांच्या कानात तो अजून आहे, लाकूड तोडायचा आवाज, मेंढ्यांचं ओरडणं, गावावर हल्ला झाला की वाजणारं ते शिंग. मग एखाद्या रविवारी वाटतं की चला परत खेळूया, आणि तिथेच बरेच जण अडकतात, कारण एकतर गेम चालतच नाही, किंवा चालतो पण अर्ध्या तासात कंटाळा येतो आणि मग लोक म्हणतात की जाऊदे, लहानपणीचं लहानपणीच बरं होतं. मला हे अजिबात पटत नाही. गेम अजून तितकाच भारी आहे, फक्त आपण तेव्हा जसे खेळायचो, म्हणजे सावकाश, गाव बांधत बांधत, मित्रांना हाका मारत, तसं आधी खेळायचं आणि नवीन सगळं नंतर. उलट केलं की मजा जाते.

आधी ठरवा, नक्की काय आठवतंय

हे सगळ्यात पहिलं करायचं, डाऊनलोडच्याही आधी. कोणाला मोहिमा आठवतात, म्हणजे विल्यम वॉलेस, जोन ऑफ आर्क, सलादिन, चंगीझ खान. कोणाला कॉम्प्युटरविरुद्ध रँडम मॅपवर तासन्‌तास तटबंदी बांधत बसणं आठवतं. आणि बऱ्याच जणांना खरं तर शेजारच्या खुर्चीवरचा मित्रच आठवत असतो, गेम त्याच्यासोबत आलेला असतो. तुम्ही यातले कोण ते नीट बघा, कारण मित्र आठवत असताना एकट्याने रात्री कॉम्प्युटरशी खेळत बसलात तर सुनंसुनं वाटणारच, त्यात गेमचा काही दोष नाही.

जुनी सीडी की डेफिनिटिव्ह एडिशन

कपाटात मूळ सीडी असेल तर ती जपून ठेवा, पण तिच्यावरून खेळायच्या फंदात शक्यतो पडू नका. पहिली गोष्ट म्हणजे आजच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. आणि गेम चालला तरी रंग बिघडतात, कारण जुना गेम फक्त २५६ रंगांच्या पॅलेटवर चालायचा, आणि व्हिस्टा आणि विंडोज सेव्हनपासून ते पॅलेट आणि डेस्कटॉप यांची भांडणं सुरू झाली, त्यामुळे गवत आणि पाणी गुलाबी जांभळं दिसायला लागलं. त्यावर लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम चालू करायचे. मल्टिप्लेअरसाठी डायरेक्टप्ले नावाचा जुना भाग लागतो, तो विंडोज फीचर्समध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली जाऊन हाताने चालू करावा लागतो. त्या काळच्या कितीतरी गेम्सच्या डिस्कवर सेफडिस्क नावाची कॉपी प्रोटेक्शन असायची, तिचा ड्रायव्हर विंडोज टेनने बंदच केला, म्हणून खरी, विकत घेतलेली डिस्कसुद्धा चालत नाही. असल्या दुरुस्त्यांची हौस असेल तर चाहत्यांनी बनवलेला युजरपॅच आहे, त्याने मोठ्या स्क्रीनवर जुना गेम नीट दिसतो, आणि तसा खेळण्यातही एक आनंद आहे हे मान्य. पण 'फुल व्हर्जन फ्री' असं लिहिलेल्या कुठल्याही साइटवरून फाइल उतरवू नका, त्यातून व्हायरस यायची शक्यता फार, आणि ज्या लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम चालतं त्यावर तर नकोच नको.

बाकी सगळ्यांनी सरळ डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, म्हणजे त्याच गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती. ती १४ नोव्हेंबर २०१९ ला आली, स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळते, पीसी गेम पास असेल तर त्यातही आहे. स्टीमवर वर्षातून बऱ्याचदा सेल लागतो तेव्हा विशलिस्टमध्ये टाकून थोडं थांबलात तर बऱ्यापैकी स्वस्तात पडते. साधारण ३० जीबी जागा, निदान ४ जीबी रॅम आणि ६४ बिटचं विंडोज टेन एवढं लागतं, पण ८ जीबी रॅम असेल तर मोठ्या लढाईत अडखळत नाही. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलं तरी बऱ्याच ऑफिसच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज कमी करून चालून जातं. फोरके, म्हणजे फार बारीक चित्राच्या स्क्रीनसाठी एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक म्हणून वेगळं डाऊनलोड आहे, साध्या लॅपटॉपवर ते घेऊच नका. आणि लॅपटॉप झेपेल का अशी शंका असेल तर स्टीमवर घ्या, कारण विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर ते पैसे परत देतात, तेवढ्या वेळात एक मोठी लढाई करून बघता येते. मोबाईलवर एज ऑफ एम्पायर्स मोबाइल दिसेल, तो पूर्ण वेगळा गेम आहे, आठवणींसाठी तो उतरवू नका.

मूळ गेम बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओज हा टेक्सासमधल्या डॅलसचा, तो २००९ मध्ये बंद झाला. त्यानंतर गेम जिवंत ठेवला तो खेळणाऱ्यांनीच. चाहत्यांनी फॉरगॉटन एम्पायर्स नावाचा मोड, म्हणजे मूळ गेमवर घरगुती भर, बनवला, तो इतका चांगला निघाला की २०१३ मध्ये द फॉरगॉटन नावाने अधिकृत एक्स्पान्शन झाला, आणि पुढे डेफिनिटिव्ह एडिशनचं कामही त्याच मंडळींनी केलं. ज्यांनी हा गेम वर्षानुवर्षं खेळलाय त्यांनीच तो परत उभा केलाय, आणि हे खेळताना पदोपदी जाणवतं. चित्रं नवीन असली तरी इमारतींची ठेवण, माणसांचे आवाज, सगळं ओळखीचंच वाटतं.

सेटिंग्ज, इथे घाई करू नका

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पीड. बरेच जण म्हणतात की नवीन एडिशन फार फास्ट वाटते, आता आपलं वय झालं. वयाचा काही संबंध नाही हो, जुन्या गेममध्ये नॉर्मल स्पीड १.५ होता आणि डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये नॉर्मल म्हणजे १.७ आहे! जुना वेग हवा असेल तर कॅज्युअल निवडा, तोच १.५ आहे. एवढं एक केलं की हात आपोआप जुन्या लयीत येतात.

दुसरं म्हणजे कॉम्प्युटरची लेव्हल. जुना कॉम्प्युटर बराच भोळा होता, तटाला एखादं दार ठेवलं की तिथेच येऊन धडकायचा. नवीन एआय तुमचे सरपण तोडणारे गावकरी एकटे बघून नेमका तिथेच हल्ला करतो, आणि अवघड लेव्हलला फुकटचे रिसोर्सेस न घेताही चांगलाच भारी पडतो. म्हणून पूर्वी हार्डेस्टला हरवायचो वगैरे विसरा, मॉडरेटपासून सुरू करा. लॉबीमध्ये, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधीच्या स्क्रीनवर, जुना सीडीच्या काळचा एआय निवडायचीही सोय आहे, पहिल्या गेमला तो जरूर लावा.

तिसरं म्हणजे हॉटकीज. एच दाबलं की टाऊन सेंटर, म्हणजे जिथून गावकरी तयार होतात ती मुख्य इमारत, निवडलं जातं आणि फुलस्टॉपचं बटण दाबलं की रिकामा बसलेला गावकरी सापडतो, एवढ्या दोन लक्षात असल्या तरी खूप. बाकीच्या हॉटकीज तुमच्या बोटांना आठवतात तशा सेटिंग्जमधून बदलून घ्या.

पहिला गेम

यूट्यूबवर बिल्ड ऑर्डरचे शेकडो व्हिडिओ आहेत, कितव्या सेकंदाला कोणता गावकरी कुठे पाठवायचा इथपर्यंत. ते पहिल्या आठवड्यात बघू नका. बघितलंत की गेम परीक्षेसारखा होतो आणि तुम्ही ज्यासाठी परत आलात तेच निघून जातं. तुमची जुनी आवडती सिव्हिलायझेशन घ्या, मूळ १३ आणि कॉन्करर्समधल्या ५ सगळ्या आहेत त्यात. मॅप ब्लॅक फॉरेस्ट घ्या, दाट झाडी असते, वाटा अरुंद, तट बांधायला सोपं, हल्ला उशिरा येतो.

सुरुवात तीच आहे. तीन गावकरी, एक घोडेस्वार स्काऊट म्हणजे टेहळ्या, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. दोन गावकऱ्यांना घर बांधायला लावा, तिसऱ्याला मेंढ्यांवर, स्काऊटला गावाभोवती गोल फिरवून बाकीच्या मेंढ्या शोधा. (ऑटो स्काऊटचं बटण आहे आता, पण पहिल्यांदा स्वतः फिरवा, काळोखातून हळूहळू नकाशा उघडत जातो ती मजा मशीनला कशाला द्यायची.) मेंढ्या टाऊन सेंटरला अगदी चिकटवून मारा, आणि एका वेळी एकच, कारण मारलेल्या मेंढीचं अन्न वेचेपर्यंत सडत जातं.

बाकी सगळं तुमच्या मनाने खेळा पण एकच सवय नवीन लावून घ्या, टाऊन सेंटर कधी रिकामं ठेवू नका. एक गावकरी ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो, आपण लहानपणी पंधरा वीस गावकरी करून थांबायचो आणि सैन्य करायला लागायचो, म्हणूनच पुढे सोनं आणि अन्न कायम कमी पडायचं. गेममध्ये एकेका युगातून वर चढायचं असतं, त्यात फ्यूडल एजला ५०० अन्न लागतं, कॅसल एजला ८०० अन्न आणि २०० सोनं, इम्पिरियलला १००० अन्न आणि ८०० सोनं, हे आकडे डोळ्यासमोर असले की कशासाठी साठवतोय ते कळतं. शेतं आता मिलमधून आपोआप परत पेरली जातात तेव्हा सारखं मागे जाऊन बघावं लागत नाही.

दोन तीन गेम झाले आणि जिंकायची खुमखुमी आली की मग मेनूमधली आर्ट ऑफ वॉर ही छोटी आव्हानं करा, नवीन पद्धतीचा खेळ तिथे हाताला धरून शिकवलाय. व्हिडिओंपेक्षा ते बरं.

चीट्सबद्दल बरेच जण विचारतात. आहेत, सगळे आहेत. गेम सुरू करताना चीट्सचा पर्याय चालू ठेवा, मग एंटर दाबून 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' इंग्रजीत टाइप करा, ती गोळ्या झाडणारी निळी गाडी येते. मुलांना दाखवा, त्यांना प्रचंड आवडते.

मोहिमा

मोहिमा खेळायच्या असतील तर वॉलेसपासून सुरू करा, ती शिकवणीच आहे, चालणं आणि लढणं इथपासून. मग जोन ऑफ आर्क. तिच्या पहिल्या मिशनमध्ये गावच नसतं, मूठभर सैनिक घेऊन तिला शिनॉंपर्यंत सुखरूप पोचवायचं असतं. तेव्हा आपण निवेदन एंटर मारून सोडून द्यायचो, इंग्रजी कळायचं नाही आणि घाईही असायची. आता ते नीट ऐका. जोनची गोष्ट एका सैनिकाच्या तोंडून सांगितलीय आणि शेवटच्या मिशनमध्ये ती स्वतः नसते, तिच्या नावाने लढायचं असतं, हे मोठेपणी फार वेगळं लागतं.

मित्रांना गोळा करा

ज्यांना मित्र आठवतात त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यात मोठा. जुन्या ग्रुपवर नुसतं 'खेळूया का कधीतरी' टाकून काही होत नाही, तारीख आणि वेळ टाकायची. कोणी पुण्यात, कोणी दुबईत, कोणी न्यू जर्सीत असेल तर आपली शनिवारची संध्याकाळ सात ही दुबईतही संध्याकाळच आणि न्यू जर्सीत शनिवारची सकाळ असते, सगळ्यांना जमण्यासारखी वेळ तीच. आदल्या दिवशीच सगळ्यांनी गेम अपडेट करून ठेवायचा, नाहीतर पहिला तास डाऊनलोडमध्येच जातो. पासवर्ड घातलेली लॉबी करा आणि बोलायला डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲप कॉल लावा, आवाजाशिवाय खेळूच नका.

पहिल्यांदा एकमेकांविरुद्ध नको, सगळे एका बाजूला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला असं ठेवा, कारण एखादा मधल्या काळात रोज खेळत असतो आणि तो बाकीच्यांना वीस मिनिटांत संपवतो. नंतर एकमेकांविरुद्ध खेळाल तेव्हा ट्रीटी लावा. पूर्वी आपण 'अर्धा तास कोणी हल्ला करायचा नाही' असं तोंडी ठरवायचो आणि कोणीतरी ते मोडायचंच, आता लॉबीतच ट्रीटीची मिनिटं ठरवता येतात आणि ती मोडताच येत नाही. आणि चॅटमध्ये ११ टाइप केलं की ते हसणं, ३० टाइप केलं की पुजाऱ्याचं ते 'वोलोलो', दोन्ही अजून तसंच चालतं!

आता नवीन बघा

इथपर्यंत आलात की मग नवीन गोष्टींकडे वळा. १९९९ च्या गेममध्ये भारत नव्हताच. २०१३ मध्ये इंडियन्स आले, आणि २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडियामध्ये त्यांचे हिंदुस्तानी झाले आणि सोबत द्रविडियन, बंगाली आणि गुर्जर आले. हे एक्स्पान्शन वेगळं विकत घ्यावं लागतं पण घ्याच. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा आहेत, द्रविडांकडे उरुमी म्हणजे लवचिक पट्ट्यासारखी तलवार चालवणारे सैनिक, गुर्जरांकडे चक्र फेकणारे, बंगाल्यांकडे रथ. मराठे मात्र नाहीत, गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी थांबतो आणि स्वराज्य त्याच्या पुढचं.

पण कोकणातल्या माणसाने एक मोहीम सोडू नये, पोर्तुगीजांची, फ्रान्सिस्को द अल्मेडाची, ती डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये आधीपासूनच आहे. तिचा शेवटचा भाग अल्मेडाच्या मुलाच्या मृत्यूच्या सूडाचा आहे. तो मुलगा लोरेन्सो १५०८ साली चौलच्या लढाईत मारला गेला, हे चौल म्हणजे आपलं अलिबागजवळचं, रेवदंड्याच्या शेजारचं, आणि बापाने पुढच्या वर्षी दीवला आरमार नेऊन त्याचा सूड घेतला. ती दीवची लढाई खेळायची असेल तर आधी बंदरं आणि लाकूड भरपूर करून घ्या, जहाजं कमी पडली तर तिथे काही खरं नाही.