बायोम ओळखताना या चुका टाळा

लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस पडतो आणि पुण्यात ७०० मिमीच्या आसपास. तरी लंडनभोवतीचा मूळ निसर्ग ओक-बीचच्या दाट पानझडी वनांचा आहे, तर पुण्याच्या टेकड्यांवर खुरटी झाडे, काटेरी झुडपे आणि गवत. पाऊस जवळपास सारखा असूनही बायोम (म्हणजे हवामानानुसार ठरणारा वनस्पती आणि प्राण्यांचा मोठा प्रदेश) वेगळे कसे, हे नीट कळले की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

वर्षाची बेरीज पाहून निकाल देणे

पाऊस किती पडला याबरोबरच तो किती महिन्यांत विभागला गेला आणि उन्हाने किती उडून गेला, हेही पाहावे लागते. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. महिन्याचे सरासरी तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्या आणि त्याची दुप्पट करा. त्या महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये त्याहून कमी असेल, तर तो महिना झाडांसाठी कोरडा. पुण्यात एप्रिलचे सरासरी तापमान ३० च्या घरात असते, म्हणजे ६० मिमी पाऊस हवा. वळवाच्या एक-दोन सरींनी तो भरून निघत नाही. लंडनचा जुलै १८-१९ अंशांचा, त्याला ३८ मिमी पुरेत, आणि तेवढा पाऊस तिथे सरासरीने पडतो. अशा रीतीने बाराही महिने तपासा आणि कोरडे महिने मोजा. एकही निघाला नाही तर वन दाट होण्याला वाव आहे, सात-आठ निघाले तर बेरीज कितीही मोठी असो, झाडांना तहान काढावीच लागते.

याच कसोटीवर महाबळेश्वर घ्या. तिथे ५,५०० मिमीहून अधिक पाऊस पडतो, सिंगापूरच्या दुपटीपेक्षा जास्त. म्हणून त्याला विषुववृत्तीय वर्षावन म्हणणारी उत्तरे हमखास दिसतात. पण महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून जातो, सिंगापूरला मात्र कुठलाच महिना कोरडा जात नाही. महाबळेश्वरची अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे सदाहरित आहेत खरी, पण लांबलेला उन्हाळा, वारा आणि कातळावरची पातळ माती यांमुळे ती बुटकी राहतात. बोर्निओत हीच उंची ४०-५० मीटरवर जाते.

जून-ऑगस्टचा पाऊस दिसला की ‘मोसमी’ लिहिणे

हवामानाच्या आलेखात पाऊस खांबांनी आणि तापमान रेषेने दाखवतात. केपटाऊनच्या आलेखातही जून, जुलै, ऑगस्टचे खांब उंच असतात. तापमानाची रेषा न पाहता उत्तर लिहिले की चूक झालीच. जुलैत ही रेषा खाली जाते, म्हणजे ठिकाण दक्षिण गोलार्धातले आणि पाऊस हिवाळ्यातला. हा भूमध्य सागरी प्रदेश. नावावरून तो फक्त युरोपात असावा असे वाटते, पण कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे नैर्ऋत्य टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य भाग यांतही तो आहे. उन्हाळा कोरडा असल्याने झुडपांची पाने लहान, चिवट, चामड्यासारखी असतात. आलेख हातात आला की आधी तापमानाची रेषा वाचा, मग पावसाचे खांब.

वाळवंट म्हणजे ऊन, वाळू आणि कॅक्टस

वर्षाला २५० मिमीहून कमी पाऊस हा वाळवंटाचा ढोबळ निकष आहे, उष्णतेचा त्यात उल्लेख नाही. गोबीत हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली जातो. लेहला वर्षाला १०० मिमीच्या आसपासच पर्जन्य मिळते. सहाराचा बराचसा भागही खडक आणि खड्यांचा आहे, वाळूचा नाही.

कॅक्टसचे कूळ अमेरिकेतले. एखादा अपवाद सोडला तर आफ्रिका-आशियात मूळचा कॅक्टस नाही. आपल्याकडचा फड्या निवडुंगही अमेरिकेतून आलेला. कुंपणाला लावतात तो तीनधारी निवडुंग मात्र वेगळ्या कुळातला, युफोर्बियाचा. त्याचे टोक मोडले की पांढराशुभ्र चीक ओघळतो, फड्या निवडुंगातून तसा चीक येत नाही. (हा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तपासायला मोडू नका, तुटलेला तुकडा दिसला तर लांबूनच पाहा.) दोन्हींनी पाणी साठवणारे जाड, हिरवे खोड वेगवेगळ्या खंडांत स्वतंत्रपणे कमावले. रूप सारखे म्हणून नाते किंवा खंड सारखा मानू नये.

टुंड्रा: पाऊस वाळवंटाइतका, जमीन दलदलीची

टुंड्रात, म्हणजे ध्रुवाजवळच्या वृक्षहीन थंड प्रदेशात, अनेक ठिकाणी पर्जन्य १५० ते २५० मिमीच असते. तरी उन्हाळ्यात पाय रुततो, कारण खाली कायम गोठलेली जमीन आहे. वरचा थोडा थर वितळतो, पाणी मुरत नाही आणि थंडीमुळे उडतही नाही. तिथे झाडे नसण्याचे मुख्य कारण उन्हाळ्याचा अपुरा उबारा. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंशांच्या खाली राहते, तिथे वृक्षरेषा संपते. हिवाळा किती कडक आहे त्यावरून ती ठरत नाही. सैबेरियातल्या वर्खोयान्स्कला पारा उणे ६७ पर्यंत उतरलेला आहे, तरी तिथे तैगाचे, म्हणजे थंड प्रदेशातले सूचिपर्णी, जंगल उभे आहे, कारण उन्हाळा पुरेसा उबदार असतो.

तैगातली सगळी झाडे सदाहरित हेही चूक. पूर्व सैबेरियात पसरलेला लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यापूर्वी सुया गाळतो.

प्राण्यांची सरमिसळ

हे पाठच करावे. पेंग्विन आर्क्टिकमध्ये नाहीत, ध्रुवीय अस्वल अंटार्क्टिकात नाही. आफ्रिकेच्या सव्हाना गवताळ प्रदेशात वाघ नाही. ॲमेझॉनमधला मोठा शिकारी म्हणजे जॅग्वार.

गवताळ प्रदेशाला ‘उजाड जंगल’ समजणे

या चुकीची किंमत जमिनीवर मोजावी लागते, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्व भागातली माळराने कागदोपत्री बहुधा ‘पडीक’ ठरतात. मग खड्डे खणून गिरिपुष्पासारखी झाडे लावली जातात. रोपे जगली की सावलीत गवत मरते. उघड्या माळावर लांबून शत्रू हेरणारे काळवीट, माळढोक, तणमोर यांना ती जागा निरुपयोगी होते. पण ही माळराने जंगल तोडून तयार झाली, असे सरसकट म्हणता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी साहित्यातल्या वनस्पतींचे उल्लेख तपासणाऱ्या अलीकडच्या अभ्यासात हिवर, तरटी यांसारखी माळावरचीच झाडे शेकडो वर्षांपूर्वीही होती असे दिसले.

माळावर उभे राहून तपासायचे असेल तर खाली बसा. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचे ठोंब वर्षानुवर्षे टिकणारे असतात. मुळासकट घट्ट बसलेला जुना ठोंब दिसला तर ते जिवंत कुरण आहे. कुसळीचे एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका, पिळलेले कुसळ हळूहळू फिरू लागते. याच फिरण्याने बी मातीत स्वतःला रोवते आणि वरून वणवा गेला तरी सुरक्षित राहते. कोरडा काळ, आग आणि चराई यांना सरावलेल्या वनस्पतींचीच ही लक्षणे आहेत.

फावड्याने जमीन उकरा. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर मोठ्या वृक्षांचे वन तिथे वाढणे अवघड. अशा माळावर खड्डे घेऊ नका. पावसाळ्यात चराई थांबवा आणि गवताचे बी पिकून गळल्यावरच कापणी करा.