अपेंडिक्स बिनकामाचं नाही, पण दुखायला लागलं तर घरी थांबायचं नाही

लहानपणी जेवून लगेच उड्या मारल्या की आजी ओरडायची, "अपेंडिक्स होईल गं!" त्यामुळे अपेंडिक्स हे आजाराचंच नाव आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. तर आधी हेच क्लिअर करू. अपेंडिक्स, मराठीत आंत्रपुच्छ, हा अवयव आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या पोटात असतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे उजवीकडे खाली लोंबणारी एक बारीक नळी, साधारण 8-10 सेंमी लांब, एका टोकाला बंद. आजार होतो तो तिला सूज आल्यावर, त्याला अपेंडिसायटिस म्हणतात. आणि उड्या मारून ती सूज येत नाही.

ही नळी करते काय? 1871 मध्ये डार्विनने लिहिलं की हा उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष आहे आणि तेच आपण शाळेत शिकलो. पण तिच्या भिंतीत लिम्फॉइड टिश्यू ठासून भरलेला असतो, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं काम करणाऱ्या पेशी, तरुण वयात जास्त, मग वय वाढेल तसा कमी होत जातो. 2007 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी आणखी एक कल्पना मांडली, मला ती फार आवडते: जोरदार जुलाबात आतड्यातले चांगले जंतू वाहून जातात, पण अपेंडिक्स बाजूला असल्यामुळे तिथे थोडे सुरक्षित राहतात आणि नंतर तिथूनच पुन्हा आतड्यात पसरतात. आपण पेरणीसाठी थोडं बियाणं बाजूला ठेवतो ना, तसंच.

आता इथे एक घोळ होतो. हे असं काही वाचलं की लोक म्हणतात अरे मग ऑपरेशन कशाला, अपेंडिक्स वाचवू या, आणि घरीच उपाय करत बसतात. तसं करू नका. हे काम आतड्यातला बाकीचा टिश्यू पण करतो, अपेंडिक्स काढलेली माणसं व्यवस्थित जगतात. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं तर मात्र जिवावर बेततं.

ओळखायचं कसं ते नीट वाचा. बहुतेक वेळा दुखणं उजवीकडे सुरूच होत नाही, ते बेंबीभोवती सुरू होतं, मोघम, गॅससारखं, कारण अपेंडिक्सच्या नसा मज्जारज्जूत त्याच भागात जातात जिथे बेंबीजवळच्या नसा जातात, मेंदूला नक्की जागा कळत नाही. मग सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की काही तासांत, कधी एका दिवसात, दुखणं उजवीकडे खाली सरकून एका जागी थांबतं. बेंबीपासून उजव्या खुब्याच्या पुढच्या टोकदार हाडापर्यंत मनातल्या मनात रेष काढा, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर ती जागा येते. सोबत जेवण नकोसं होतं, मळमळ, उलटी, थोडा ताप. खोकलं किंवा गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की कळ येते. 2012 मध्ये इंग्लंडच्या एका अभ्यासात अपेंडिसायटिस पक्का झालेल्या 34 जणांपैकी 33 जणांना स्पीडब्रेकरवर जास्त दुखलं होतं. अर्थात दुसऱ्या कारणानेही असं दुखू शकतं, म्हणून निदान डॉक्टरांनाच करू द्या.

लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांच्यात हा क्रम बऱ्याचदा दिसत नाही, तिथे शंका आली तरी पुरे.

घरी काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. माझ्या मामेभावाचं दुखणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी "बेंबी सरकली" म्हणून ठरवून टाकलं, पोट चोळून घेतलं, हिंग लावला, रात्री एरंडेल दिलं, दोन दिवस त्यातच गेले आणि नेलं तोपर्यंत अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. ते दोन दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. म्हणून सांगते, चोळायचं नाही, शेक नाही, जुलाबाचं औषध तर अजिबात नाही. खायला देऊ नका म्हणजे भूल द्यायची वेळ आली तर अडचण नको. सकाळपर्यंत बघू असं करू नका, सर्जन आणि सोनोग्राफीची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या, गाडी नसेल तर 108 लावा. दुखणं कधी आणि कुठे सुरू झालं, आणि बाईमाणूस असेल तर पाळीची तारीख, हे आधीच सांगा. आणि एक, खूप दुखत असताना अचानक बरं वाटलं तर ते फुटल्यामुळेही असू शकतं, परत फिरू नका.

अँटिबायोटिकवर भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फुटलेलं नसेल तर काहींचं भागतं. 2020 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये अँटिबायोटिक घेतलेल्या दहातल्या साधारण तिघांना 90 दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं, नळीत खडा असेल तर अजून जास्त जणांना. हा निर्णय हॉस्पिटलमध्ये घ्यायचा, घरी उरलेल्या गोळ्या खाऊन नाही.

ऑपरेशन झालं की काढलेला तुकडा तपासायला लॅबला पाठवतात. क्वचित त्यात गाठ निघते, तेव्हा टाके काढायला जाल त्या दिवशी तो रिपोर्ट आठवणीने मागून घ्या.