रोबो हलंना? कोड उघडायच्या आधी या चुका टाळा

कोल्हापुरात शाळा-कॉलेजच्या पोरांची आमची रोबोटिक्स टीम आहे, मी तिथं मेंटर म्हणून जातो. रोबो थांबला की पोरं आधी लॅपटॉप उघडतात, आणि घोळ असतो वायरीत नाहीतर स्क्रूत.

मागच्या महिन्यात रात्री ट्यूबलाइटखाली लाइन फॉलोअर (रेघेवरनं पळणारा रोबो) एक नंबर पळत होता, सकाळी खिडकीजवळ ट्रॅक टाकला तर पहिल्याच वळणाला गडी भिंतीकडं. कोडमध्ये थ्रेशोल्ड (काळं-पांढरं ओळखायची हद्द) बदल, पीआयडी (चाल सावरायचं गणित) बदल असं दुपारपर्यंत चाललं, शेवटी आमच्या सरांनी छत्री उघडली आणि रोबोच्या डोक्यावर धरून वाकून वाकून त्याच्यामागं चालायला लागले, आणि रोबो बरोब्बर लाइनवर! पोरं हसून लोळली, पण सरांचं बरोबर होतं, उन्हात इन्फ्रारेड असतंय आणि रेघ ओळखणारा आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर त्यानंच गोंधळतोय. सेन्सरला काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करा, आणि जिथं पळवायचाय तिथल्याच उजेडात कॅलिब्रेट करा, म्हणजे सेन्सरला काळं-पांढरं नव्यानं ओळखायला लावा.

ब्लूटूथचं पण तसंच. एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलचा पिन (जोडायचा पासवर्ड) बहुतेक वेळा १२३४ आणि नाव पण सगळ्यांचं सारखंच, त्यामुळं सरावाला आमची पोरगी जीव खाऊन फॉरवर्ड दाबतेय, आमचा रोबो ढिम्म, आणि शेजारच्या टीमचा टेबलावरनं उडी मारायला निघालाय! एटी कमांडनं (मॉड्यूलची सेटिंग बदलायच्या सूचना) नाव आणि पिन आधी बदलून घ्या. आर्डुइनो उनोवर (रोबो चालवणारा बोर्ड) प्रोग्रॅम अपलोड होईना तर बोर्डाच्या ० आणि १ नंबरच्या जोडणीच्या पिनांवरच्या वायरी काढा, यूएसबी पण त्याच पिना वापरतंय.

बॅटरी आणि आर्डुइनोचा ग्राउंड (मायनस) एकमेकांना जोडलाय का, हे रोज बघा. आणि मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, तेवढं धरून बॅटरी घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका चाकानं खाल्ला. एन्कोडर (मोटरचे फेरे मोजणारा सेन्सर) बरोबर मोजतोय, रोबो वाकडाच जातोय, पोरं दीड तास कोडमध्ये. कपलिंग (मोटरचा शाफ्ट चाकाला जोडणारा तुकडा) उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर करून घेतलेलं, म्हणून तिथंच नेला. मिस्त्रीमामांनी चाक अंगठ्यानं दाबून धरलं, मोटर चालू करायला लावली आणि म्हणाले, "आरं, शाफ्ट आतल्या आत फिरतोय की!" कानस घेतली, गुळगुळीत शाफ्टला फ्लॅट मारला (एक बाजू सपाट केली), ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) त्याच्यावर बसवून आवळला, पाच मिनिटात काम. पैसे घेतले नाहीत, पळाला की दाखवायला आणा म्हणाले. पुढच्या शनिवारी पोरांनी नेऊन लेथशेजारी फरशीवर पळवला, आणि तेव्हापासनं तो स्क्रू आवळायची ऍलन की टूलबॉक्सला दोरीनं बांधून ठेवलीय.