फ्रेंच शिकायला साधनं कशी निवडावीत

फ्रेंच शिकवणारं साहित्य इंटरनेटवर खोऱ्यानं मिळतं आणि नवशिक्याची गाडी तिथेच अडते. चार-पाच अ‍ॅप आणि दोन-तीन चॅनेल एकदम सुरू केले की सगळीकडचे पहिलेच धडे पुन्हा पुन्हा होत राहतात. एक क्रमिक पुस्तक, एक ऐकण्याचं साधन आणि एक शब्दकोश, सुरुवातीला एवढं पुरे.

पुस्तकावर ए१, ए२, बी१ अशी पातळी छापलेली हवी. ही युरोप परिषदेची सी२ पर्यंत जाणारी सहा पायऱ्यांची पद्धत. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षाही तिच्यावरच बेतलेल्या आहेत. थोडंफार फ्रेंच येत असेल तर मधलंच एक पान उघडून शंभरेक शब्द वाचा. दहापेक्षा जास्त अडले तर एक पायरी खालचं पुस्तक घ्या. उत्तरसूची आणि ऑडिओ नसलेलं पुस्तक एकट्यानं शिकणाऱ्यानं घेऊच नये, कारण चुका दाखवणारं कुणी नसतं आणि त्या अंगवळणी पडतात.

देवनागरीत उच्चार लिहून देणाऱ्या पुस्तिकांवर मात्र विसंबू नका. फ्रेंचमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठीचे दोन्ही शब्द देवनागरीत ‘दसू’ असेच लिहावे लागतात. फरक शेवटच्या स्वरात आहे: ‘वर’मधला स्वर जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की निघतो, ‘खाली’मधला आपला साधा ‘ऊ’. हे कानानंच शिकावं लागतं. फोर्वो या उच्चारांच्या संकेतस्थळावर शब्द टाका. तिथे माणसांनी स्वतः म्हटलेले उच्चार असतात आणि बोलणारा कुठल्या देशाचा तेही दिसतं.

उलट नुसतं ऐकूनही भागत नाही. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ दोन्ही कानाला ‘इल पार्ल’च लागतात, लिहिताना वेगळे. म्हणून ऐकण्याचं साधन निवडताना सोबत संहिता, म्हणजे बोललेलं सगळं लिहून दिलेलं, आहे का, हे आधी बघा. ए१ ते बी२ साठी टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे व्हिडिओ आणि त्यावरचे सराव मोफत आहेत. बी१ च्या आसपास पोचल्यावर आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र घ्या, त्याची संहिता मिळते. पण सगळं एका बैठकीत ऐकू नका. एकच मिनिट निवडा, संहिता झाकून दोनदा ऐका, कळलं तेवढं लिहा, मग ताडून पाहा. जे शब्द डोळ्यांना ओळखीचे पण कानाला लागले नाहीत, त्यांच्यावर खूण करून तेवढंच पुन्हा ऐका. संहिता आधी वाचली तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कान तयार होत नाही.

शब्दकोश किंवा शब्दयादी पारखायची सोपी रीत: स्वरानं सुरू होणारं एखादं नाम शोधा. फ्रेंचमध्ये नामाआधी पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ लागतो, पण स्वरापुढे दोन्हींचा नुसता ‘ल्’ उरतो, त्यामुळे लिंग लपतं. तिथे पुल्लिंगी-स्त्रीलिंगी अशी स्पष्ट नोंद नसेल तर ती यादी बाजूला ठेवा. फ्रेंच विक्शनरीत लिंग आणि उच्चारचिन्हं दोन्ही मिळतात. अँकी या शब्द पाठ करायच्या अ‍ॅपमध्ये कार्डं करतानाही नाम एकटं न घालता पुल्लिंगी ‘अं’ किंवा स्त्रीलिंगी ‘यून’ (‘एक’) लावूनच घाला.

एक पायरी संपत आली की डेल्फ घेणाऱ्या फ्रान्स एज्युकासिओं अँतेरनासिओनाल या संस्थेच्या संकेतस्थळावरचा डेल्फचा मोफत नमुना पेपर वेळ लावून सोडवा. ऐकण्यात गुण कमी पडले तर पुस्तक बदलू नका, ऐकण्याचा वेळ वाढवा.